घरच्या ओळीतली द्राक्षं

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की हाक मारावीशी वाटते, आणि हाक मारली की मी उगीच दाराकडे बघत बसते. तसं नाव काही फार विचार करून ठेवलेलंही नव्हतं. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या मोटरीमागे तो सापडला तेव्हा ओंजळीत मावेल एवढं कुत्र्याचं पिल्लू होता. दोन दिवस ठेवायचं, मग कोणाला तरी देऊन टाकायचं, असं मी स्वतःला बजावून त्याला वर आणलं. यजमान जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्या दोन दिवसांची पुढे सहा वर्षं झाली.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची इमारत आहे, तिसऱ्या मजल्यावर मी. यजमान ओझरच्या विमानांच्या कारखान्यात होते. मी एका कॉलेजच्या ऑफिसात तेहतीस वर्षं काढली, शेवटची सात हेडक्लार्क म्हणून. मूलबाळ नाही. हे मी लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता पत्ता सांगावा तसं सांगते. कॉलेजातली मुलं मला घाबरून असायची. फॉर्ममधला एक रकाना कोरा दिसला तरी मी फॉर्म परत करायचे, आणि 'लागू नाही' असं न लिहिता कोणी नुसती रेघ ओढली असेल तर त्याला चार शब्द सुनावून परत करायचे. स्वभाव अजून तसाच आहे, पण आता फॉर्म घेऊन कोणी येत नाही. त्यामुळे तो पेपरवाल्यावर निघतो, दूधवाल्यावर निघतो, आणि त्या सहा वर्षांत बराचसा त्याच्यावर निघाला. दिवसातून दहा वेळा मी त्याला बोलायचे. एक कान उभा आणि एक पडलेला ठेवून तो सगळं ऐकून घ्यायचा, आणि माझं संपलं की पायाशी येऊन बसायचा.

माझं माहेर ओझरच्या पुढे, पाच-सहा किलोमीटर आत. सगळा द्राक्षाचा पट्टा. कारखान्यातलं विमान चाचणीला उडालं की बागेतली माणसं वर न बघताच बोलणं थांबवतात आणि आवाज गेला की तिथूनच पुढे बोलायला लागतात. बाग धाकटा भाऊ बघतो, आणि चांगली बघतो. त्याचा माल परदेशात जातो. पण घरच्या खाण्यासाठी त्याने विहिरीच्या अंगाला एक ओळ वेगळी ठेवली आहे. तिच्यावर मणी धरल्यापासून फवारणी बंद असते, मणी फुगवायचं औषध तर तो लावतच नाही. मणी बारीक राहतात, थोडे डागाळतात, आणि गोडीला तोड नसते. त्या ओळीला घरात सगळे 'आक्काची ओळ' म्हणतात. आक्का म्हणजे मी.

वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी करतातच. मी तर तो कागद स्वतः वाचून, त्यातल्या दोन चुका दुरुस्त करायला लावून मग सही केली. कचेरीबाहेर आल्यावर भाऊ म्हणाला होता, "आक्का, तुझी पेटी मात्र दरसाल येईल." ती आली. एकही वर्ष चुकली नाही. लग्न झालेल्या बाईला माहेर म्हणजे काय असतं ते मला नीटसं सांगता येणार नाही, पण माझ्यापुरतं ते फेब्रुवारीअखेर यायचं आणि पाच किलोंचं असायचं.

पूर्वी पेटी आली की मी वाट्या काढायचे. प्रत्येक मजल्यावर दोन-दोन वाट्या, वर एखादं कुंकवाचं बोट लावलेलं पान. वाटी कधी रिकामी परत यायची नाही. कोणाकडून चिवडा यायचा, कोणाकडून लिंबाचं लोणचं, आणि त्या निमित्ताने बायका दारात उभ्या राहून अर्धा-अर्धा तास बोलायच्या. संध्याकाळपर्यंत पेटीत माझ्यापुरते दोन घड उरायचे. त्यातले चार-सहा मणी त्याला द्यायचे. दर वर्षी दिले, त्याला काहीही झालं नाही.

गेल्या वर्षी गुरुवारी पेटी आली. भाऊ मार्केटला गाडी घेऊन चालला होता, त्याने फाटकाशीच दिली. मी म्हटलं, चहा तरी घेऊन जा.

"नाय आक्का, गाडी भरलीय. पुढल्या टायमाला निवांत येतो," तो म्हणाला आणि खाली वाकून माझ्या पायाशी उभ्या असलेल्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पेटीतला एक मणी त्याच्यापुढे टाकला. त्याची एक पद्धत होती. मणी लगेच खायचा नाही. आधी पंज्याने फरशीवर गोल गोल फिरवायचा, मणी पळाला की त्याच्या मागे पळायचा, आणि खेळून झालं की गट्ट करायचा. भाऊ ते बघून दर वर्षी नव्याने हसायचा. त्याही दिवशी हसला आणि गेला.

शुक्रवारी सकाळी मी वाट्या काढल्या. पहिल्या मजल्यावरचं जोडपं लेकीकडे बंगळुरूला गेलेलं, कायमचं, हे मला माहीत असूनही मी त्यांच्या दारापुढे जरा थांबले. दुसऱ्या मजल्यावर नवीन लोक आले आहेत. त्यांनी साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं आणि आतून बाई म्हणाल्या, "नको हो, आम्ही ऑनलाइनच मागवतो." माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये तिघं नोकरदार भाड्याने राहतात, ते दिवसा झोपतात. घंटा वाजवायचा धीर झाला नाही. राहता राहिला वॉचमन. तो म्हणाला, "बाई, मी दिंडोरीचा, घरासमोरच बाग. मला कशाला द्राक्षं?" तरी माझा चेहरा बघून त्याने एक घड घेतला. मी भरलेल्या वाट्या तशाच परत आणल्या. रागही आला होता आणि रडूही येत होतं, आणि रडण्यापेक्षा राग मला नेहमी सोपा जातो. घरात वाट बघत बसलेल्या त्याला मी म्हटलं, "चल, आपणच संपवू. कोणाची गरज नाही आपल्याला."

मग आम्ही दोघं गॅलरीत बसलो. एक मणी मला, एक त्याला. सुरुवातीला तो खेळत होता, नंतर खेळायचं सोडून थेट खायला लागला. किती खाल्ले ते मी मोजलं नाही. कोणीतरी माझ्याबरोबर बसून माझ्या माहेरचं खातंय, एवढंच मला कळत होतं. दुपारी माझा डोळा लागला तेव्हा पेटी खाली फरशीवरच राहिली होती. उठले तेव्हा तिच्यावरचा कागद बाजूला झालेला होता आणि आणखी एक घड गेला होता. मी रागावलेसुद्धा नाही. खाऊ दे, म्हटलं, औषध न मारलेली आहेत.

शनिवारी सकाळी त्याने उलटी केली. मग दुसरी, तिसरी. पाणी पिईना. आमच्या कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे मी त्याला संध्याकाळी घेऊन गेले. ते वयस्कर गृहस्थ आहेत, फी कमी घेतात आणि बोलतातही कमी. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "वेगळं काही खाण्यात आलं का?"

मी म्हटलं, "नाही हो. घरचंच."

खोटं बोलले नाही मी. हे मला वारंवार सांगावंसं वाटतं, आणि कोणाला सांगायचं हा प्रश्नच आहे. ज्या घरात मी वाढले तिथे द्राक्षं ही खाण्यात धरलीच जात नाहीत. पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवावा तशी ती असतात. लेकरू चालायला लागलं की त्याच्या हातात घड येतो. गाईला, शेळीला, रस्त्याने जाणाऱ्याला, सगळ्यांना. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बाहेरचे वडे आले, कचऱ्यातलं हाड आलं, शेजाऱ्याने टाकलेला पाव आला. द्राक्षं आलीच नाहीत. डॉक्टरांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, पातळ भात द्या म्हणाले. आम्ही घरी आलो.

रविवारी सकाळी तो उठलाच नाही. डोळे उघडे, शेपटीचं टोक फक्त हललं. कोपऱ्यावरचा दवाखाना रविवारी बंद असतो. रिक्षावाल्याने शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं एक हॉस्पिटल सांगितलं, जनावरांचं, रविवारीही चालू असणारं. त्याला यजमानांच्या जुन्या शालीत गुंडाळून मी मांडीवर घेतलं. अठरा किलोंचं जनावर, पण त्या दिवशी मला जड लागलं नाही.

हॉस्पिटल माणसांच्या हॉस्पिटलसारखंच होतं. तसाच वास, तशीच काचेमागची खिडकी. खिडकीतले गृहस्थ वयाने माझ्याएवढे असतील. त्यांनी न बघताच फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाले, "संडे आहे. तपासणी फी दुप्पट पडेल. अॅडमिट करायचं झालं तर आधी पंधरा हजार डिपॉझिट."

"माणसाला तरी एवढे घेतात का?" मी म्हटलं.

"माणसाला विमा असतो, ताई," ते शांतपणे म्हणाले. मला राग आला, पण त्यांचं चुकत नव्हतं. माझ्या पाकिटात माझं स्वतःचं विम्याचं कार्ड होतं. दर वर्षी हप्ता भरते आणि सहा वर्षांत एकदाही ते वापरायची वेळ आलेली नाही. मला काही झालं असतं तर ते कार्ड दाखवून मी खुशाल पलंगावर झोपले असते.

फॉर्म मी उभ्याने भरला. मालकाचं नाव, पत्ता, प्राण्याचं वय. शेवटी एक लांब रकाना होता, गेल्या दोन-तीन दिवसांत काय काय खाल्लं ते सविस्तर लिहा. मी माझ्या नेहमीच्या गोल अक्षरात लिहिलं, 'पोळी-दूध, भात. घरचेच.' आणि एकही रकाना कोरा न ठेवल्याचं ते जुनं समाधान मला त्या परिस्थितीतसुद्धा वाटलं.

त्याला आत नेलं. बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक माणूस होता, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेला. त्याच्या पायाशी चादरीवर एक तांबूस कुत्री पडली होती, टेम्पोखाली येऊन मागचा पाय गेलेला. त्याला आतून आकडा सांगितला होता. ऑपरेशन, सळई आणि राहायचे दिवस मिळून त्याचे तीन पगार. "हप्त्यांनी घेता का म्हणून विचारलं," तो मला म्हणाला, "तर म्हणले, क्रेडिट कार्ड हाय का? आता माझ्याकडं कुठलं कार्ड." मग त्याने विचारलं, "बाई, तुम्ही काय करणार?"

"जे लागेल ते करणार," मी म्हटलं. त्या क्षणी मला माझ्या बँकेतल्या ठेवीचा अभिमान वाटला होता. हे लिहिताना लाज वाटते. तो मान हलवून उठला, चादरीची चार टोकं गोळा केली आणि कुत्रीला उचलून जिन्याने उतरून गेला. ती कण्हत नव्हती, त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. त्याला थांबवून निदान काही द्यावं, असं माझ्या मनात आलं तेव्हा तो रस्त्यापलीकडे गेला होता.

तासाभराने डॉक्टर बाहेर आल्या. तरुण बाई, डोळ्यांखाली काळं. हातात रक्ताचा रिपोर्ट होता आणि माझा फॉर्मही. "काकू, किडन्यांवर फार ताण आहे," त्या म्हणाल्या. "असं अचानक होतं तेव्हा काहीतरी विषारी पोटात गेलेलं असतं. नीट आठवून सांगा. उंदराचं औषध? चॉकलेट? कांदा? द्राक्षं, मनुका?"

"द्राक्षं?" मी म्हटलं. "हो. द्राक्षं खाल्ली की. पण ती आमच्या घरची. औषधसुद्धा न मारलेली."

त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या. औषध मारलेलं असो की नसो, द्राक्षच कुत्र्याला बाधतं, हे त्यांनी मला सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. एखाद्याला दहा-वीस मण्यांनी काही होत नाही, एखाद्याच्या किडन्या बंद पडतात, आणि कोणाचं काय होईल ते आधी कळत नाही. "इकडे सीझनला असे येतातच," त्या म्हणाल्या. "लोक सांगतच नाहीत. त्यांना वाटतं, द्राक्षं काय सांगायची."

मी विचारलं, काल कळलं असतं तर? त्यांनी उत्तर टाळलं. मी पुन्हा विचारलं, माझ्या ऑफिसातल्या आवाजात. तेव्हा म्हणाल्या, "शुक्रवारीच कळलं असतं तर सगळं उलटून काढता आलं असतं. काल कळलं असतं तर सलाईन एक दिवस आधी सुरू झालं असतं." आणि फॉर्म त्यांनी उलटा करून मांडीवर ठेवला. पण मी माझं अक्षर पाहिलं होतं.

रविवार आणि सोमवार मी त्या बाकावर होते. रात्री घरी पाठवायचे, सकाळी मी परत हजर. आत दिवसातून दोनदा सोडायचे. त्याच्या पुढच्या पायाला पट्टी बांधून सलाईन लावलेलं, आणि अंगावर ती शाल. मी बोलायला लागले की उभा राहणारा कान अर्धाच वर यायचा. मी रागावून पाहिलं, "ऊठ, पुरे झाली नाटकं," असं म्हणून पाहिलं. मग मला बोलवेना. खिडकीतून दर काही तासांनी एक कागद यायचा, औषधं, तपासण्या, पुन्हा तपासण्या. फोनवरून पैसे भरायला मला बाकावरच्या दुसऱ्या एका माणसाने शिकवलं होतं, तेही त्या दोन दिवसांत पाठ झालं. एक ठेव मी सोमवारी सकाळीच मोडली. पैसे जात होते याचं मला दुःख नव्हतं. एवढ्या पैशांत आपण काय विकत घेतोय ते कोणी सांगू शकत नव्हतं, त्याचा मात्र संताप येत होता, आणि संताप करायला समोर माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

सोमवारी दुपारी डॉक्टर म्हणाल्या, लघवी होत नाहीये. डायलिसिसचं मशीन आमच्याकडे नाही, पुण्याला न्यावं लागेल. गाडी, तिथलं डिपॉझिट, चार-पाच वेळा मशीनवर घेणं, सगळं धरून दीड लाखाच्या पुढे. "आणि वाचेलच असं मी म्हणणार नाही, काकू," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात तरी त्यात काही चूक नाही." त्या तसं म्हणाल्या ते मला आवडलं नाही. नाही म्हणायचा हक्क ज्यांना असतो त्यांतली मी नव्हते. ते मणी मी भरवले होते.

दुसरी ठेव यजमानांच्या आणि माझ्या नावावर होती. ते गेल्यावर कागद बदलायचं मी राहू दिलं होतं, त्यांचं नाव खोडायला हात झाला नव्हता. जगाचे रकाने तपासणाऱ्या बाईचा एवढा एक रकाना सहा वर्षं तसाच राहिला होता. बँकेत म्हणाले, आठ दिवस लागतील. म्हणून मी भावाला फोन लावला.

त्याने पहिल्या घंटीलाच उचलला. मागे कातरीचे आवाज, बायकांचं बोलणं. काढणी चालू होती. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "आक्का, कशी निघाली द्राक्षं? अवंदा तुझ्या ओळीला लय गोडी उतरलीय. म्या पोरास्नीबी हात लावू दिला नाय, म्हनलं आधी आक्काची पेटी जाऊ दे."

मी म्हटलं, "गोड आहेत."

"आन् आपला गडी? खेळला का नाय मणी?"

"खेळला," मी म्हटलं. मग म्हटलं, "मला थोडे पैसे लागतायत. दीड लाख. आठ दिवसांत परत देते."

हक्कसोडीवर सही केल्यापासून मी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्याने कशासाठी म्हणून विचारलं नाही. "तूच म्हनतीस म्हंजी लागतच असतील," एवढं बोलला आणि पाऊण तासात पैसे आले. त्याने विचारलं असतं तर मी कदाचित सांगितलं असतं. विचारलं नाही, म्हणून मी एकटीच राहिले त्या गोष्टीबरोबर.

मंगळवारी सकाळी सातला पुण्याची गाडी ठरली होती. मी साडेसहाला पोचले, डबा, पाणी, त्याची वाटी, सगळं पिशवीत घेऊन. डॉक्टर दारातच उभ्या होत्या. पंधरा मिनिटांपूर्वी, त्या म्हणाल्या. मी आत गेले. पायाची पट्टी काढली होती. कान दोन्ही पडलेले होते. मी त्याला हाक मारली, एकदाच, नेहमीच्या आवाजात. मग खाली फरशीवर बसले आणि रडले. तेहतीस वर्षं ज्या बाईला कोणी रडताना पाहिलं नव्हतं ती सगळ्यांदेखत रडली.

खिडकीतले गृहस्थ बाहेर आले. "ताई, महापालिकेची गाडी बोलावू का? ते घेऊन जातात," ते म्हणाले. ते चांगल्या मनाने विचारत होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याकडे अशा वेळी हात-दोन हात जमीन नसते, हे त्यांना अनुभवाने माहीत असणार. मी नको म्हटलं आणि दुसऱ्यांदा भावाला फोन लावला. तो गेला, एवढंच सांगितलं. "पैसं त्येच्यासाठी व्हतं व्हय? मंग सांगायचं ना आक्का. म्या आलो असतो," भाऊ म्हणाला. "आता तिथंच थांब. गाडी घेऊन येतो. आपल्या रानात न्यू."

वाटेत त्याने एकदाच विचारलं, कशाने गेला. मी म्हटलं, किडन्या गेल्या. "वय काय झालं नव्हतं गड्याचं," तो म्हणाला, आणि ओझरच्या पुढे गाडी आत वळवली.

रानात त्याने स्वतः खड्डा खणला, माझ्याच ओळीच्या टोकाला, विहिरीच्या बांधाशी. काढणीच्या बायका जरा लांब थांबल्या. भावजयीने घरातून मिठाची पिशवी आणून दिली. जनावर पुरताना आमच्याकडे मीठ घालतात. त्याला शालीसकट खाली ठेवलं, तोंड तेवढं उघडं. वरून विमान गेलं, नेहमीप्रमाणे सगळे गप्प झाले, आणि आवाज गेल्यावर पुन्हा बोलायला लागावं असं कोणाकडे काही नव्हतं.

भाऊ उठला. मला वाटलं, तो फावडं घ्यायला गेला. तो ओळीत शिरला, कातरीने दोन घड काढले, सदऱ्याला पुसले, आणि खड्ड्यात उतरून त्याच्या तोंडाशी ठेवले. "लय आवडायची गड्याला," तो म्हणाला. "न्हेऊ दे संगं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

सांगायचं असतं तर तेव्हाच. माझ्या जिभेवर आलं होतं. पण मग त्याने ती ओळ कशी पाहिली असती? मुलांना हात लावू न देता, औषध न मारता, एका सहीच्या बदल्यात इतकी वर्षं राखलेली ओळ. तो नक्की म्हणाला असता की कुठल्या तरी फवाऱ्याचा थेंब उडाला असेल, आणि आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिला असता. किंवा पुढच्या वर्षी पेटी आली नसती. या दोन्हींतलं मला नक्की कशाचं भय वाटलं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. पेटीचंच असावं. मी खाली बघत म्हटलं, "हो. फार आवडायची." आणि माझ्या हाताने पहिली माती टाकली.

पैसे मी तिथेच परत केले, फोनवरून. संध्याकाळी त्याने मला घरी सोडलं. या वेळी तो वर आला, चहा प्याला, आमच्या गड्याच्या मोकळ्या सतरंजीवर पाय न देता वळसा घालून निघाला. जाताना गाडीतून एक पेटी काढून वर आणून दिली. "पहिली संपली असंल," तो म्हणाला. "एकटी हाईस, तोंडात टाकत जा मधनंमधनं."

भाऊ गेल्यावर मी दार लावलं. पेटी बराच वेळ हातातच होती. मग मी स्टूल घेतलं, वर चढले, आणि त्याचं तोंड पोचणार नाही अशी ती वरच्या फळीवर, पार मागे सारून ठेवली.